गवीपुरमच्या सहा रत्नाबाई

मल्लेश्वरम्, बंगळूर
५ मार्च १९६१

अहल्याबाई,

हा कागद केंद्राचा नाही, माझा आहे. हे आधी सांगतो, म्हणजे ऑफिसचं काही आलं असं वाटून तुम्ही तो न उघडता परत पाठवणार नाही.

तुम्हाला कामावरून कमी केल्याला पाच आठवडे झाले. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. टंकलेखक जयतीर्थ स्वतःचं काम सांभाळून रेकॉर्डच्या खोलीतल्या चौकशाही बघतो. आपल्या कार्यपद्धतीची पुस्तिका छापायला जायची आहे. एप्रिलअखेर ती सात शहरांतल्या छाती-तपासणी केंद्रांना पाठवली जाईल. तिच्यावर माझं नाव असेल. पुस्तिकेत कार्डांच्या पेट्यांची मापं द्यायची म्हणून मंगळवारी मी फूटपट्टी घेऊन त्या खोलीत गेलो.

नावांच्या पेटीत 'राव'चा खण पूर्ण बाहेर ओढला. त्यात कार्डांच्या मध्ये जाड पुठ्ठे उभे केलेले दिसले. प्रत्येक पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नाव, पेठ आणि आकडा लिहिलेला आहे. एकावर होतं, 'रत्नाबाई, गवीपुरम, ६'. कोपऱ्यात तारीख १० जुलै १९६०.

अक्षर तुमचं आहे. हे पुठ्ठे तुम्ही कधीपासून लावत होता? कुणी सांगितलं होतं का? तुमच्यावरची समितीची चौकशी संपलेली आहे. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही.

तुमचं अनुभवाचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. ते वेगळं पाठवतो.

उपेंद्र मोडक


मल्लेश्वरम्, बंगळूर
१९ मार्च १९६१

अहल्याबाई,

उत्तर आलं नाही. प्रमाणपत्र मात्र पोचलं असावं, कारण पोचपावतीवर तुमच्या वडिलांची, खंडोजीरावांची, सही आहे.

खाली लिहितोय ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. तरी क्रमाने लिहितो, कारण चौकशी समितीपुढे मी ते क्रमाने सांगितलं नव्हतं.

केंद्राने बेचाळीस हजार माणसांच्या छातीचे फोटो काढले. प्रत्येकाची ओळ मुख्य नोंदवहीत, अनुक्रमांकाने. शिवाय प्रत्येकाची दोन कार्डं, एक नावांच्या पेटीत, एक पेठांच्या पेटीत. प्रयोगशाळेतून आलेल्या चिठ्ठीवर अनुक्रमांक असेल तर पेट्यांची गरजच नाही. नसेल तर आधी ठरवायला हवं, कोणती पेटी उघडायची आणि किती कार्डं चाळायची. रोज चाळीस चौकशा येत. प्रत्येकीला सगळा खण चाळत बसलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून मी भिंतीवर अंदाजाचा तक्ता लावला. कोणत्या नावाची, कोणत्या पेठेची किती माणसं असतील ते त्यावर बघायचं आणि त्याप्रमाणे शोधायचं. जिथे एकाहून कमी माणूस अपेक्षित असेल तिथे पहिलं कार्ड मिळताच थांबायचं. हा नियमही माझाच.

तक्त्यातले आकडे कुठून आले? जानेवारी १९५९ मध्ये मी नोंदवहीचं दर विसावं पान उघडून मोजदाद केली आणि तिला विसाने गुणलं. त्यानंतर पुन्हा मोजलं नाही. गवीपुरमच्या तीन गल्ल्या तेव्हा तपासायच्याच होत्या.

आता तुमचा पुठ्ठा. माझ्या तक्त्याप्रमाणे सगळ्या बंगळुरात रत्नाबाई राव अठ्ठावीस. गवीपुरमची माणसं चाळिसांत एक. मी अठ्ठाविसांना चाळिसाने भागलं. उत्तर पाऊणाहूनही कमी आलं. म्हणजे गवीपुरमात रत्नाबाई राव असलीच तर एक.

गेले दोन आठवडे मी दुपारच्या सुटीत दोन्ही पेट्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. तुमचे पुठ्ठे जवळजवळ सगळे बरोबर आहेत. माझा तक्ता जिथे नाव आणि पेठ एकत्र येतात तिथे बहुतेक ठिकाणी चुकला आहे. कारण मी असं धरून चाललो की रत्नाबाई सगळ्या शहरात सारख्या पसरलेल्या असतात. तशा त्या नसतात. मराठा घरं जिथे आहेत तिथे त्या आहेत. कार्डांच्या पेटीला हे माहीत होतं. नोंदवहीवरून केलेल्या तक्त्याला माहीत नव्हतं. आणि पेटीचा आकडा तक्त्याला द्यायची वाटच ऑफिसात नव्हती.

वाट नव्हती असं लिहिलं, ते खरं नाही. १६ ऑगस्टला जेवणाच्या सुटीनंतर तुम्ही माझ्या खोलीत आला होता. तुमच्या बोटांना शाई लागलेली होती. तुम्ही म्हणालात, "सर, स्वल्प ऐका. भिंतीवर गवीपुरमची रत्नाबाई एकसुद्धा पुरी नाही. आमच्या गल्लीत रत्नाबाई म्हणून हाक मारली तर तीन खिडक्या उघडतात."

मी म्हणालो, "ते तुमच्या गल्लीपुरतं असेल."

"आणि राव हे आमच्यात आडनाव नव्हे सर. आमच्याकडे सगळेच राव. माझ्या पेटीत मोजलेले आकडे आहेत, ते तक्त्यावर चढवू का?"

"अहल्याबाई, एका ऑफिसात दोन आकडे असून चालत नाहीत. भिंतीवरचा आकडा तोच आकडा."

तुम्ही मान डोलावून "सरी सर" म्हणून गेलात. तेरा दिवसांनी ती चिठ्ठी आली.

मला हे सगळं आठवतं, एवढंच तुम्हाला कळावं.

उपेंद्र मोडक


मल्लेश्वरम्, बंगळूर
९ एप्रिल १९६१

अहल्याबाई,

आज सकाळी मी गवीपुरमला आलो होतो. तुमच्या घरावरून गेलो, थांबलो नाही.

आधी थोरल्या रत्नाबाईंकडे गेलो. त्या चौपन्न वर्षांच्या आहेत. २९ ऑगस्टच्या चिठ्ठीवर जे कार्ड निघालं ते त्यांचं. ज्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तिच्या बाटलीवरचा अनुक्रमांक पाण्याने पुसला गेला होता, 'रत्नाबाई राव, गवीपुरम' एवढंच वाचता येत होतं. यांच्या फोटोत लहानपणच्या दुखण्याचा जुना डाग होता, म्हणून डॉक्टरांनाही शंका आली नाही. नसलेल्या क्षयावर त्यांना एकशे अकरा दिवस इंजेक्शनं दिली. उजव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. पुन्हा सुई टोचायला कुणी आलं असं वाटून त्या सुनेला म्हणाल्या, "सांग त्यांना, मी बरी आहे गं." मी डाव्या बाजूला जाऊन सांगितलं की सुई नाही. मग त्यांनी ताक दिलं. मी ते प्यालो.

तिथून धाकट्या रत्नाबाईंच्या घरी. त्या तेवीस वर्षांच्या, आणि ती बाटली त्यांची होती. जुलैत थुंकी दिली, केंद्राकडून काही आलं नाही, म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही असं समजून त्या घरी राहिल्या. १८ डिसेंबरला खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा स्वतःच चालत केंद्रात आल्या. तोवर त्यांची मुलगी सोयरा रोज त्यांच्या कुशीत झोपत होती. जानेवारीत सोयरा मेंदूच्या क्षयाने गेली. अकरा महिन्यांची होती. हे सगळं चौकशीच्या अहवालात आहे, पण अहवालात मुलीचं नाव नाही.

घरी त्यांचे यजमान विठोजी होते. चिकपेटमध्ये कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मी केंद्रातून आलो म्हटल्यावर त्यांनी सतरंजी टाकली. रत्नाबाई शहराबाहेरच्या आरोग्यधामात आहेत, वजन वाढतंय, म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या नशिबात होतं सर. तुमच्या लोकांनी खूप केलं. अहल्याक्का तर दर रविवारी तिला भेटायला जातात. बसने दीड तास. घरचं कुणी जात नाही इतकं त्या जातात."

मला हे माहीत नव्हतं.

विठोजींना चिठ्ठीचं काहीच ठाऊक नाही, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं. त्यांना वाटतं, दुखणं उशिरा उमटलं. मी काही सांगितलं नाही. सतरंजीवरून उठून आलो.

आता चौकशीचं. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "या धोक्याची कल्पना रेकॉर्डच्या कारकुनाने तुम्हाला दिली होती का?" मी म्हणालो, "तसं आठवत नाही." नंतर तुम्ही म्हणालात की सरांना सांगितलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरचा कागद वाचत राहिलो. त्या कागदावर वाचण्यासारखं काही नव्हतं. कार्डावर सही तुमची होती, आणि समितीला तेवढं पुरलं. मला मार्चपासून उपसंचालकाची जागा मिळाली.

मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही, कारण ती मागून मला काय हवंय ते मला नीट कळलेलं नाही.

उपेंद्र मोडक


गवीपुरम
१४ एप्रिल १९६१

उपेंद्र सरांना अहल्येचा नमस्कार.

तुमची तीन पत्रं मिळाली. पहिलं उघडायला मला आठ दिवस लागले. तिसरं लगेच उघडलं, कारण तुम्ही रत्नाच्या घरी गेला होता हे विठोजीअण्णांनीच सांगितलं. "तुमचे सर आले होते अक्का, चांगले आहेत, पण बोलत नाहीत," म्हणाले.

माझं मराठी तुमच्यासारखं पुण्याचं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

सर, तुम्ही मला जे लिहिता ते मला ठाऊकच आहे. १६ ऑगस्टला त्या खोलीत मीही होते. मला लिहून काय होणार? ज्यांना ठाऊक नाही त्यांना लिहा. डायरेक्टरांना लिहा. सात गावांना ती पुस्तिका जाणार म्हणता. त्या गावांतही एकेका पेठेत एकेका जातीची, एकेका नावाची माणसं असतील. तिथेही कुणीतरी पहिलं कार्ड काढून थांबेल.

पुठ्ठ्यांचं विचारलंत म्हणून सांगते. कुणी सांगितलं नव्हतं. कार्डं लावताना हाताला कळायचं की इथे दाटी आहे. म्हणून मोजून लिहिलं. पण तेही सगळं बरोबर नव्हतं. सहांतली एक रत्नाबाई गेल्या वर्षीच्या मार्चमध्येच तंजावरला मुलाकडे गेली होती. नोंदवहीत तिच्या ओळीवर काट मारली होती. पेटीला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून माझ्या पुठ्ठ्यावर सहाच राहिल्या. तेव्हा पेटीने तक्त्याला सांगायला हवं तसं वहीने पेटीलाही सांगायला हवं. हे पुस्तिकेत घाला.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते.

२९ ऑगस्टला चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मी पुठ्ठ्यामागची सहाही कार्डं काढून टेबलावर मांडली होती. सहा बायका. त्यांतल्या चौघींना मी तोंडओळखीने ओळखते. सहाही घेऊन तुमच्याकडे यायला मला वीस पावलं चालायची होती. मी नाही आले. मला तुमचा राग आला होता. भिंतीवरचा आकडा तोच आकडा ना, मग होऊ दे तसंच, असं म्हणून पाच परत ठेवली, वरच्या कार्डावर सही केली. चार दिवसांत चूक निघेल, सर स्वतः येतील आणि म्हणतील, अहल्याबाई, तुमचं बरोबर होतं, असं वाटलं.

चार दिवसांत काही निघालं नाही. त्या थोरल्या बाईंच्या फोटोत डाग आहे असं ऐकलं. मग ती हीच असेल, असं मनाला सांगत राहिले. नंतर सांगायची लाज वाटायला लागली. मग भीती.

समितीने मला काढलं ते चुकीच्या कारणासाठी काढलं. पण काढलं ते चुकीचं, असं मी आता म्हणू शकत नाही.

मी दर रविवारी रत्नाकडे जाते. तिचे केस विंचरते, नाचणीचा अंबील नेते. ती मला अक्का म्हणते. एकदाही मी तिला सांगितलेलं नाही. विठोजीअण्णांना तर त्याहून नाही. प्रत्येक रविवारी बसमध्ये ठरवते, आज सांगायचं. परत येतानाही तेच ठरवते.

तुम्ही लिहिणार असाल तर दोघांचं लिहा. तुमचं लिहून माझं झाकू नका. आणि डायरेक्टरांच्या आधी विठोजीअण्णांना सांगा. माझ्याने होत नाही.

अहल्या


मल्लेश्वरम्, बंगळूर
७ मे १९६१

अहल्याबाई,

तुम्ही सांगितलेला क्रम मी पाळला नाही. आधी संचालकांना लिहिलं, कारण पुस्तिका २० एप्रिलला छापखान्यात जाणार होती. ती थांबली.

निवेदन अकरा पानांचं झालं. त्यात १६ ऑगस्टचं बोलणं आहे, समितीपुढचं माझं उत्तर आहे, आणि तुमची सहा कार्डंही आहेत. तुमचं पत्र जोडलं नाही, पण काही झाकलेलंही नाही. संचालकांनी ते माझ्यासमोर वाचलं. शेवटी एवढंच म्हणाले, "हे जानेवारीत सांगायला काय झालं होतं?" मी म्हणालो, "जानेवारीत मला बढती मिळायची होती." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला जायला सांगितलं.

निर्णय परवा आला. माझी उपसंचालकाची जागा गेली. पुढच्या आठवड्यापासून मी यशवंतपूरच्या बाजूला घरोघर नोंदणी करणाऱ्या तुकडीत आहे. तुम्हाला कमी केल्याचा हुकूम रद्द झाला आहे. त्याऐवजी लेखी ताकीद. १५ मेपासून तुम्ही रुजू होऊ शकता. तसं पत्र तुम्हाला ऑफिसकडून येईल. पहिल्या कार्डावर थांबायचा नियम काढून टाकला. पेट्यांचे आकडे दर महिन्याला तक्त्यावर चढतील आणि नोंदवहीत खोडलेल्या ओळी त्याच दिवशी पेट्यांना कळवल्या जातील. एकाहून जास्त कार्डं निघाली तर तितक्या सगळ्यांना बोलावायचं. पुस्तिका नव्याने लिहायची आहे. ती मी लिहिणार नाही.

आता विठोजींचं. आज सकाळी नऊला गेलो. ते अंगणात बसून कपड्यांना नीळ देत होते. मी उभ्या-उभ्याच सांगायला सुरुवात केली. त्यांनी बसायला सांगितलं नाही. मी बाटलीपासून सुरू केलं आणि १८ डिसेंबरपर्यंत आलो. ते कपडे पिळत राहिले.

मग म्हणाले, "किती दिवस?"

"एकशे अकरा."

"चिठ्ठी आली तेव्हा सोयरा सहा महिन्यांची होती."

"हो."

"तेव्हाच कळलं असतं तर ती राहिली असती?"

"सांगता येत नाही. राहण्याची शक्यता होती."

"किती शक्यता? तुम्ही तेच शिकलात ना सर? आकडा सांगा."

अहल्याबाई, मी बारा वर्षं हेच काम केलं आहे. मला त्यांना आकडा सांगता आला नाही. म्हणजे तोंडात एक आला होता. तो मी उच्चारला नाही.

त्यांनी पिळलेलं लुगडं दोरीवर टाकलं. ते रत्नाबाईंचं असावं. त्याच्या पलीकडून त्यांनी विचारलं, "अक्कांना माहीत होतं?"

मी म्हणालो, "सहा जणी आहेत हे त्यांना माहीत होतं. कोणती, ते माहीत नव्हतं. त्यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं नाही. हे तुम्हाला कळावं अशी त्यांचीच इच्छा आहे."

ते लुगड्यामागेच होते. पाय दिसत होते. शेजारच्या घरातून कुणीतरी कानडीत भाजीवालीशी घासाघीस करत होतं.

लुगड्यामागून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत. पण पुन्हा इथे येऊ नका."

मी नमस्कार केला आणि फाटकाशी आलो. तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. तुमच्यासाठी निरोप दिला. तो मी तिथेच भिंतीला वही टेकवून लिहून घेतला. असा आहे:

"अक्कांना सांगा, आरोग्यधामात भेटायची वेळ बदललीय. रविवारी दोनला नाही, तीनला. नेहमीची बस धरून उन्हात ताटकळू नका म्हणावं. आणि रत्नाला हे मी सांगेन. त्यांनी सांगायचं नाही."

निरोप जसाच्या तसा दिला आहे. माझं त्यात काही घातलेलं नाही.

उपेंद्र मोडक